येळवस एकच दिवस का?

येळवशीला औराद, भालकी, आळंदकडची घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. ज्वारीचं आंबील, बाजरीचे उंडे आणि ओला हरभरा, तूर, पालेभाज्या घालून केलेली भज्जी. आहारतज्ज्ञानं याहून चांगलं ताट काय मांडावं? दुसऱ्या दिवशी मात्र आपण परत रेशनच्या तांदळावर.

कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली जीआय मानांकन मिळालं, आपण खूश झालो. डिसेंबर 2021 मध्ये बीदर, कलबुर्गीसह सात जिल्ह्यांत शाळकरी मुलांना अंडी सुरू करावी लागली, कारण कुपोषण. अंडी द्यावीतच. पण तुरीच्या मुलखात ही वेळ का यावी?

सोयाबीनला रोख पैसा आहे म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. ज्वारी गेली की कडबाही जातो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. सरकारनं इथलीच रब्बी ज्वारी, तूर हमीभावानं घेऊन इथल्याच रेशनला, अंगणवाडीला द्यावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य आहेच की!

आणि आपली होस्टेलची मेस? एवढ्या भाकऱ्या रोज कोण थापणार, असं मावशी म्हणतील. मग कडक भाकरी घ्या. बचत गटाच्या बायका करतात, आणि ती बरेच दिवस टिकते.