हंगाम आणि हंगामा

(एखाद्या कामाची सुरुवात चांगली झाली, की आपण लगेच निकाल सांगून मोकळे होतो. कबड्डीच्या तीन हंगामांची उदाहरणे देऊन या सवयीविषयी लेखकाने प्रस्तुत पाठात आपले मत मांडले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'हंगामा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत हंगामा म्हणजे गोंधळ, गलबला, आरडाओरडा. त्याच घराण्यातला एक शब्द मराठीत रोज वापरला जातो. तो म्हणजे 'हंगाम'. हा मूळचा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ वेळ, काळ, मोसम. जून महिन्यात पहिला पाऊस चांगला झाला, की नांदेड-लातूरकडचा शेतकरी म्हणतो, "यंदा खरिपाचा हंगाम बरा दिसतो." त्याच्या या एका वाक्यातले 'खरीप' आणि 'हंगाम' हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. शेतातला हा शब्द पुढे मैदानावरही गेला. क्रिकेटचा हंगाम, कबड्डीचा हंगाम असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो.

हंगाम आणि हंगामा यांत फक्त एका कान्याचा फरक आहे. पण अर्थाचा फरक मोठा आहे. एखाद्या संघाने पहिले चार सामने जिंकले, की सगळीकडे हंगामा होतो. हंगाम मात्र दोन-तीन महिने चालतो. आपण हंगाम्यालाच हंगाम समजतो, असे माझे मत आहे. खेळात ही चूक फार महाग पडत नाही. माणसांची पारख करताना मात्र ती फार महाग पडते. कशी, ते पाहण्यासाठी आधी मैदानावर जाऊ.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आपल्याकडची जुनी माणसे त्याला हुतूतू म्हणत. ना बॅट, ना चेंडू; सपाट जमीन आणि चुन्याच्या चार रेघा असल्या की झाले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाला पदकाचा मान मिळाला. पुढे २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात गेला. खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. गरीब घरातल्या मुलांनाही खेळावर पोट भरता येऊ लागले.

या लीगमध्ये पुण्याचा एक संघ आहे. त्याचे नाव पुणेरी पलटण. पहिल्या वर्षी आठ संघांत पलटणीचा क्रमांक आठवा आला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ सालीही आठवाच. म्हणजे शेवटचा. तेव्हा कोणी म्हटले असते, की हा संघ एक दिवस विजेता होईल, तर लोक हसले असते.

आता डिसेंबर २०२३ मध्ये या. लीगचा दहावा हंगाम सुरू झाला होता. संघ आता बारा झाले होते. ४ डिसेंबरला पलटणीचा पहिलाच सामना जयपूर पिंक पँथर्सशी होता. हा गतविजेता संघ. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याने पलटणीलाच हरवले होते. पलटणीने तो सामना ३७ विरुद्ध ३३ गुणांनी जिंकला. त्यानंतर विजयामागून विजय येत गेले. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ सामने पलटणीने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. त्यात हरियाणा स्टीलर्सला २८ विरुद्ध २५ गुणांनी हरवून पलटणीने प्रथमच विजेतेपद मिळवले.

या संघाचा कर्णधार होता अस्लम इनामदार. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा मुलगा. वडील लवकर गेले. आईने कष्ट करून घर चालवले. त्या घरातला हा मुलगा दहाव्या हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चढाई करण्यात तो तरबेज आहेच. पण वेळ आली तर पकडही तितकीच घट्ट करतो.

त्याचा एक साथीदार इराणचा होता. मोहम्मदरेझा शादलुई हे त्याचे नाव. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचा कबड्डीचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध इराण. एका नियमावरून असा वाद पेटला, की खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारताने ३३ विरुद्ध २९ गुणांनी सुवर्णपदक जिंकले. अस्लम भारताच्या संघात होता, शादलुई इराणच्या. त्याच महिन्यात लीगचा लिलाव झाला. पलटणीने २ कोटी ३५ लाख रुपये मोजून शादलुईला आपल्याकडे घेतले. दोन महिन्यांपूर्वीचे प्रतिस्पर्धी आता हातात हात घालून साखळी करू लागले. त्या हंगामात पकडीचे सर्वांत जास्त, म्हणजे ९९ गुण शादलुईने मिळवले. 'हंगाम' हा शब्द ज्या भाषेतून मराठीत आला, ती त्याच्या देशाची भाषा आहे!

पलटणीची ती सुरुवात पाहून पुष्कळांना नवल वाटले. मला विचाराल, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. संघाने 'युवा पलटण' नावाने तरुण मुलांना शिकवण्याचे काम आधीपासून सुरू केले होते. तिथे तयार झालेली मुले मुख्य संघात आली होती. बी. सी. रमेश यांच्यासारखा अनुभवी प्रशिक्षक संघाला मिळाला होता. आदल्या वर्षी जी मुले एकत्र खेळली, त्यांतली बरीचशी या वर्षीही एकत्रच होती. कोण कुठे धावणार, कोण कधी झेप घेणार, हे त्यांना न बोलता कळत होते. लोकांनी पाहिली ती सुरुवात डिसेंबरमधली. पण खरी सुरुवात काही वर्षे आधी झाली होती. तेव्हा तिथे ना दिवे होते, ना टाळ्या.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका. पुढच्या वर्षी, १९ ऑक्टोबर २०२४ रोजी, पलटणीने पहिल्याच सामन्यात पुन्हा हरियाणा स्टीलर्सला हरवले. या वेळी तर दहा गुणांनी, ३५ विरुद्ध २५! पुन्हा हंगामा झाला. यंदाही चषक पुण्यालाच जाणार, असे लोक बोलू लागले. पण शादलुई आता पलटणीत नव्हता. तो हरियाणाकडे गेला होता. थोड्याच दिवसांत अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो मैदानाबाहेर गेला. पलटणीची घडी विस्कटली. हंगाम संपला, तेव्हा पलटण आठव्या क्रमांकावर होती. अंतिम सामना २९ डिसेंबरला झाला, तोही पुण्यातच, बालेवाडीला. पण त्यात पुण्याचा संघ नव्हता. विजेता कोण ठरला? पहिल्याच सामन्यात दहा गुणांनी हरलेला हरियाणा स्टीलर्स!

म्हणजे पाहा, ज्याची सुरुवात उत्तम, तो आठवा आला. ज्याची सुरुवात पराभवाने झाली, त्याने चषक उचलला.

तिसरा हंगाम २०२५ चा. अस्लम दुखापतीतून बरा होऊन परतला. पलटणीने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि अंतिम सामनाही गाठला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने तिला ३१ विरुद्ध २८ असे हरवले. हुकले ते फक्त तीन गुणांनी. या पराभवाला मी अपयश म्हणणार नाही. आदल्या वर्षी आठव्या क्रमांकावर घसरलेला संघ एका वर्षात पुन्हा वर आला, ही गोष्ट माझ्या मते चषकापेक्षा कमी मोलाची नाही.

मैदानावरचे हे सत्य आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मृगाचा पाऊस वेळेवर आला, सोयाबीन तरारून उगवले, तरी तो पेढे वाटत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तर काय होते, हे त्याला माहीत असते. आणि सुरुवात वाईट झाली म्हणून तो तिफण मोडून जाळतही नाही. २०१६ सालचे लातूर आठवा. तुम्हांला आठवत नसेल, तर घरी विचारा. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, इतकी टंचाई होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस असा पाऊस झाला, की तेच धरण भरले. एप्रिलमध्ये कोणी त्या वर्षाचा निकाल लावला असता, तर तो साफ चुकला असता.

पण मित्रांनो, मुलांच्या बाबतीत आपण असा निकाल रोज लावतो. मराठीत एक म्हण आहे, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.' उर्दूतही याच अर्थाची म्हण तुम्ही ऐकली असेल. ही म्हण मला फारशी पटत नाही. पहिल्या घटक चाचणीत कमी गुण मिळाले, की घरी, शेजारी, कधी कधी शाळेतही लोक म्हणतात, "याच्याकडून काही होणार नाही." मराठीच्या पहिल्या निबंधात वेलांटी आणि उकार चुकले, की "तुमच्या घरी उर्दू बोलतात, तुम्हांला मराठी कुठून येणार?" असे ऐकावे लागते. मुलगी असेल, तर गोष्ट याहून पुढे जाते. एका वर्षी नापास झाली, एवढ्यावरून तिचे दप्तर कायमचे खुंटीला टांगले जाते. पुणेरी पलटण दोनदा शेवटची आली, तरी तिला तिसरे वर्ष मिळाले, चौथे मिळाले, दहावेही मिळाले. कबड्डीच्या संघाला जेवढा वेळ आपण देतो, तेवढा आपल्याच घरातल्या मुलीला देत नाही. याचा आपण सर्वांनी विचार केला पाहिजे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या चाचणीत चांगले गुण मिळाले, की काही मुले वर्षभर त्याच गुणांवर बसून राहतात. मराठीत अशा माणसाला 'आरंभशूर' म्हणतात. आरंभाला शूर, पुढे थंड. त्याचेही नुकसान हंगाम्यानेच होते. सगळ्यांनी वाहवा केली आणि त्याला वाटले, हंगाम संपला.

कोणी म्हणेल, "मग सुरुवातीला काहीच किंमत नाही का?" आहे ना! पहिल्या सामन्यातला गुण आणि शेवटच्या सामन्यातला गुण यांची गुणतक्त्यात किंमत सारखीच असते. सुरुवातीला मिळवलेले गुण पुढे अडचणीच्या वेळी कामी येतात. चांगल्या सुरुवातीने मन उभारी धरते. म्हणून सुरुवात चांगली करण्याचा प्रयत्न जरूर करावा. माझा आक्षेप आहे तो सुरुवातीवरून निकाल लावण्याला.

लातूरचेच उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले चमकू लागली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला नवल वाटले. मागासलेल्या मराठवाड्यातली ही मुले एकदम पुढे कशी आली? लोकांनी त्याला 'लातूर पॅटर्न' असे नाव दिले. जवळ जाऊन पाहिले, तर त्यात जादू कसलीच नव्हती. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सराव आणि रात्र रात्र राबणारे शिक्षक. आज लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत दूरदूरची मुले शिकायला येतात. निकालाच्या दिवशीचा हंगामा सर्वांना दिसतो. त्याआधीचे वर्ष कोणी पाहत नाही.

तेव्हा मित्रांनो, कोणाची चांगली सुरुवात दिसली, तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्याने आधी काय केले होते, हेही विचारा. तुमच्या वर्गात कोणी मागे पडला असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हंगाम अजून संपलेला नाही. आणि तुम्हीच मागे पडला असाल, तर कबड्डीचा नियम लक्षात ठेवा. बाद झालेला खेळाडू कायमचा घरी जात नाही. तो मैदानाच्या कडेला बसतो, आणि साथीदाराने प्रतिस्पर्ध्याला बाद केले की पुन्हा आत येतो. त्या वेळी कंबर कसून तयार असणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

शब्दार्थ
गतविजेता – मागच्या वेळी जिंकलेला
तरबेज – निष्णात, कुशल
घडी विस्कटणे – व्यवस्था बिघडणे
दडी मारणे – लपून बसणे, न येणे
तिफण – पेरणीचे अवजार
उभारी धरणे – उत्साह वाटणे
कंबर कसणे – निश्चयाने तयार होणे

स्वाध्याय
१. 'हंगाम' आणि 'हंगामा' या शब्दांच्या अर्थांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. डिसेंबर २०२३ मधील पुणेरी पलटणीच्या सुरुवातीचे लेखकाला नवल का वाटले नाही?
३. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण तुम्हांला पटते का? सकारण लिहा.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.