प्रोस्टेटची गोळी घरातल्यांना माहीत हवी



मिरामारला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या पुरुषांचं बोलणं कधी ऐका. शुगर किती, बीपी किती, गुडघा कोणाला दाखवला, सगळं मोठ्या आवाजात चालतं. पण रात्री चार वेळा उठावं लागतं, धार अडखळते, त्यासाठी गोळी सुरू आहे, हे कोणी सांगत नाही. बीपीची गोळी जेवणाच्या टेबलावर असते आणि प्रोस्टेटची कपाटात, शर्टांच्या घडीखाली. माझं स्पष्ट मत आहे की या औषधांचे बरेचसे धोके या लपवाछपवीतूनच येतात.

मी डॉक्टर नव्हे. कॉमर्स शिकलो आणि बँकेतून निवृत्त झालो. पण स्वतः हे औषध घेतो, म्हणून डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं ते सांगतो.

या गोळ्या मुख्यतः दोन जातीच्या. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या मूत्रमार्गाजवळचे स्नायू सैल करतात. यांचा गुण काही दिवसांत दिसतो. दुसऱ्या जातीतल्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड वाढलेली ग्रंथी हळूहळू लहान करतात, त्याला सहा महिनेही लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पहिली करंट अकाउंट, दुसरी फिक्स्ड डिपॉझिट. दोन महिन्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून दुसरी बंद करणं म्हणजे मुदतीआधी ठेव मोडणं. पुष्कळांना दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, आणि आपण दोन घेतोय हे त्यांना ठाऊकही नसतं.

आता हे घरात का माहीत हवं ते बघा.

पहिल्या जातीच्या गोळीने बीपी उतरतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत आणि झोपेतून झटकन उठताना. चवथीला आपण पणजीची माणसं पेडण्याला, डिचोलीला गावच्या घरी जातो. जुन्या घरांत न्हाणीघर मागच्या दारी, मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्या, त्याही पावसाने ओल्या. रात्री दोनला चक्कर आली तर माकडहाड नाहीतर खुबा मोडतो. घरच्यांना माहीत असेल तर वाटेत दिवा राहतो, खाटेशेजारी भांडं राहतं. आपण मात्र आधी बिछान्यावर दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. आणि गोळ्या पणजीलाच राहिल्या, चार-पाच दिवस खंड पडला, तर परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, कारण सुरुवातीसारखी चक्कर पुन्हा येऊ शकते.

सर्दीचंही तसंच. पावसात शिंका सुरू झाल्या की मुलगा प्रेमाने फार्मसीतून सर्दीची गोळी आणतो. त्यातल्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनसारख्या औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी पूर्ण अडकू शकते. मग नळी घालण्यावाचून इलाज नाही. कोरगाव किंवा लाटंबार्से येथून भर पावसात रात्री 108 बोलावून म्हापसा नाहीतर बांबोळी गाठायची, म्हणजे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको. मुलाला माहीत असतं तर त्याने फार्मसीत एवढंच विचारलं असतं, ‘बाबांना प्रोस्टेट आहे, ही चालेल ना?’

सूनबाई किंवा लेक गरोदर असेल तर तिने फिनास्टेराइडची फुटलेली गोळी आणि ड्युटास्टेराइडची कॅप्सूल हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्याने अपाय होऊ शकतो. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून देण्याचं काम बहुतेक घरांत कोण करतं? सांगा बघू.

तिसरं एक औषध आहे, टाडालाफिल. प्रोस्टेटसाठीही ते रोज कमी मात्रेत देतात. ते घेणाऱ्याच्या छातीत दुखलं आणि घरच्यांनी घाईत जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं, तर बीपी धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. हृदयाची अशी औषधं चालू असतील तर टाडालाफिल घ्यायचंच नसतं. इथे लपवणं थेट जिवावर बेततं.

डॉक्टरांपासूनही लपवतात लोक. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि प्रोस्टेटची गोळी यांचा काय संबंध, असं वाटतं ना? टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशन चालू असताना आक्रसते आणि बुबुळ लुळं पडतं. 2005 साली अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी हे जगासमोर आणलं. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी परिणाम राहतोच. सर्जनना आधी कळलं तर ते तयारी ठेवतात. तसंच फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइडने रक्तातला पीएसएचा आकडा साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतो. रिपोर्टात 3 दिसला की आपण खूश, पण डॉक्टर तो 6 धरून पुढचा विचार करतील. मात्र गोळी चालू आहे हे त्यांना सांगितलेलं असेल तरच.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाची काही अब्रू आहे की नाही? आहे. प्रत्येकाला आपलं शरीर स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आहे, आणि मुलासुनेपुढे लघवीची गोष्ट काढणं आमच्या पिढीला जड जातं हे मला मान्य आहे. पण तक्रारीचा तपशील सांगायला कोण म्हणतंय? औषधाचं नाव तेवढं सांगा. खात्यातली शिल्लक आपण गावभर सांगत नाही, पण नॉमिनीचं नाव तर भरून ठेवतो ना?

म्हणून एक कागद करा. औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचं, कधीपासून आणि कोणी लिहून दिलं. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर. मूळ नाव अशासाठी, की बांबोळीहून एका ब्रँडची आणि बाहेरच्या फार्मसीतून दुसऱ्या ब्रँडची अशी एकच गोळी दोनदा घेतली जाऊ शकते. एकाच चेकचे पैसे दोनदा वळते झाल्यासारखं. पत्त्यावर लाल रेघ आणि आरएक्स असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, मित्राच्या पत्त्यातून उसनं तर नाहीच. कॅप्सूल फोडायची किंवा चावायची नाही. टॅमसुलोसिन रोज ठराविक जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायचं.

आणि घरच्या तरुण मंडळींनो, वडील आपणहून बोलणार नाहीत. तुम्हीच विचारा. ‘बाबा, तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी करूया’ एवढं म्हटलं तरी पुरे. प्रोस्टेट हा शब्दही काढावा लागत नाही.