पहिल्या चाचणीचा निकाल

लिओनेल स्कालोनी हा अर्जेंटिनाचा साधा बचावपटू. २००६ च्या विश्वचषकात तो एकच सामना खेळला. २०१८ मध्ये राष्ट्रीय संघाची हंगामी जबाबदारी त्याच्याकडे आली, तेव्हा कुठल्याही मोठ्या क्लबचे मुख्य प्रशिक्षकपद त्याने सांभाळले नव्हते. खुद्द मॅराडोनाने त्याच्यावर जाहीर टीका केली. २०१९ मध्ये कोपा अमेरिका हुकली, तरी संघटनेने त्याला दूर केले नाही. २०२१ मध्ये तो चषक २८ वर्षांनी घरी आला. २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाकडून पहिलाच सामना हरलेला त्याचा संघ जगज्जेता ठरला.

आपण मात्र पहिल्या चाचणीच्या गुणांवरूनच मुलाला 'ढ' ठरवून मोकळे होतो. पालकहो, विश्वस्तहो, गुण फुलायला अवधी लागतो. तो देणे आपल्या हाती आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही स्वतःला तो द्या!