विश्लेषण : पंचायतीत निम्म्या, विधानसभेत फक्त २१! महिलांची वाट पक्षांच्या दारातच का अडते?

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी जनगणनेची अधिसूचना काढली आणि महिला आरक्षणाच्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली. लोकसभा आणि विधानसभांतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणारा कायदा या जनगणनेवर अवलंबून आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची वाट मोकळी झाली. तेथे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मग गावात आणि शहरात निम्म्या असलेल्या महिला विधानसभेच्या पायरीवर येईपर्यंत जातात कुठे?

सध्याचे चित्र काय?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ४ कोटी ६९ लाख महिला मतदार होत्या. त्यांपैकी ६५ टक्क्यांहून अधिक महिलांनी मतदान केले. पुरुषांच्या तुलनेत हा टक्का किंचितच कमी. मात्र रिंगणातील ४,१३६ उमेदवारांत महिला होत्या अवघ्या ३६३, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. निवडून आल्या २१. २८८ जणांच्या सभागृहात हे प्रमाण ७.३ टक्के भरते. २०१४ मध्ये २० आणि २०१९ मध्ये २४ महिला निवडून आल्या होत्या. म्हणजे दहा वर्षांत आकडा जागचा हललेला नाही.

पक्षनिहाय पाहिले तर भाजपच्या १३२ आमदारांत १४, राष्ट्रवादी काँग्रेसच्या (अजित पवार) ४१ मध्ये चार, शिवसेनेच्या (शिंदे) ५७ मध्ये दोन आणि काँग्रेसच्या १६ मध्ये एक महिला निवडून आली. शिवसेना (ठाकरे) आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार) या पक्षांच्या निवडून आलेल्या आमदारांत एकही महिला नव्हती. विरोधी बाकांवर धारावीच्या ज्योती गायकवाड या एकट्याच महिला आमदार. ज्या निवडणुकीचा निम्मा प्रचार ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दीड हजार रुपयांभोवती फिरला, तिचा हा निकाल आहे.

लोकसभेत परिस्थिती वेगळी आहे का?

थोडी बरी, पण समाधानकारक नाही. २०१९ मध्ये ७८ महिला खासदार निवडून आल्या होत्या. २०२४ मध्ये ही संख्या ७४ वर आली. ५४३ जागांच्या लोकसभेत हे प्रमाण १३.६ टक्के आहे. जगभरातील संसदांची सरासरी २७ टक्क्यांच्या आसपास आहे. आपण तिच्या निम्म्यावर आहोत. महाराष्ट्रातील ४८ खासदारांत महिला सात : सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, शोभा बच्छाव, स्मिता वाघ आणि रक्षा खडसे.

पक्षापक्षांत मात्र मोठा फरक आहे. २०२४ मध्ये निवडून आलेल्या तृणमूल काँग्रेसच्या २९ खासदारांत ११ महिला होत्या, म्हणजे जवळपास ३८ टक्के. सर्वात मोठ्या भाजपच्या २४० खासदारांत ३१. तमिळनाडूतील नाम तमिळर कच्ची या लहान पक्षाने तर निम्म्या जागा महिलांना दिल्या होत्या. त्यातले कोणी निवडून आले नाही, ही गोष्ट वेगळी. त्या पक्षाच्या पुरुष उमेदवारांपैकीही कोणी आले नाही. कायदा सर्वांना एकच असताना आकडे इतके वेगळे असतील, तर फरक पक्षांच्या निर्णयात आहे हे उघड आहे.

स्थानिक संस्थांत बदल कसा घडला?

तेथे पक्षांच्या मर्जीचा प्रश्नच ठेवला नाही. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या होत्या. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. राज्यातील २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महापालिकांतून तीन दशकांत महिलांच्या अनेक पिढ्या कारभार शिकल्या.

सगळे गोड झाले असे नाही. ‘सरपंच पती’ हा शब्द त्याच काळात रूढ झाला. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात बाईच्या नावाने कारभार हाकणाऱ्या नवरोबांवर जबर दंडाची शिफारस केली. आणि जी बाई स्वतः कारभार करते, तिच्या वाट्याला काय येते? जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचाला अपात्र ठरवण्यात आले, तेव्हा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२४ मध्ये न्यायालयाने तिला पद परत दिले आणि बाई सरपंच होऊन निर्णय घेते हेच गावातील काहींना पचलेले नाही, अशा आशयाचे ताशेरे ओढले.

या महिला पुढे विधानसभेत का पोहोचत नाहीत?

काही पोहोचतात, आणि त्यांची उदाहरणे बोलकी आहेत. माधुरी मिसाळ पुण्यात नगरसेविका होत्या. देवयानी फरांदे नाशिकच्या, तर विद्या ठाकूर मुंबईच्या उपमहापौर होत्या. सीमा हिरे नाशिकमध्ये नगरसेविका आणि मनीषा चौधरी डहाणूच्या नगराध्यक्ष. या पाचही जणी आज आमदार आहेत आणि एकदा निवडून आल्यावर पुन्हा पुन्हा निवडून आल्या आहेत. धुळ्याच्या खासदार शोभा बच्छाव यांनीही नाशिकचे महापौरपद भूषवले होते. म्हणजे स्थानिक संस्थांचा जिना वर जातो. अडचण अशी की, त्या जिन्यावरून अगदी मोजक्यांनाच वर घेतले जाते.

यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, आरक्षणाची सोडत. प्रभाग एका निवडणुकीत महिलांसाठी राखीव झाला की पक्ष उमेदवार शोधतो. पुढच्या वेळी तो खुला झाला की उमेदवारी घरातल्या किंवा गटातल्या पुरुषाकडे परत जाते. पाच वर्षांत बांधलेली माणसे, सोडवलेली कामे आणि झालेली ओळख तिथेच थांबते. खुल्या प्रभागातून लढायला महिलेला बंदी नाही. पण ‘तुमची राखीव जागा आहे ना’ हे उत्तर ठरलेले असते.

दुसरे कारण पैसा. विधानसभेसाठी उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादाच ४० लाख रुपये आहे. जमीन, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यवसाय ही आपल्याकडील राजकारणाची भांडवली केंद्रे. आणि तेथे मालकी बहुतांश पुरुषांकडे. तिसरे कारण म्हणजे पक्षांतील महिला आघाड्या. मोर्चाला गर्दी, हळदीकुंकू, बचतगटांचे मेळावे, निवडणुकीत घरोघरी चिठ्ठ्या वाटणे ही कामे आघाडीकडे असतात. तिकीट ठरवणाऱ्या बैठकीत आघाडीच्या अध्यक्षांना खुर्ची असतेच असे नाही.

घराणेशाहीचे काय?

हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. आदिती तटकरे, सना मलिक, श्रीजया चव्हाण, संजना जाधव या आमदारांचे वडील राजकारणातील मोठी नावे आहेत. राज्यातील अनेक महिला खासदारांबाबतही तेच. शेजारच्या गोव्यात २०२२ मध्ये निवडून आलेल्या तिन्ही महिला आमदार म्हणजे देविया राणे, जेनिफर मोन्सेरात आणि डिलायला लोबो यांचे पतीही त्याच निवडणुकीत आमदार झाले. याच गोव्याला १९७३ मध्ये शशिकला काकोडकर यांच्या रूपाने महिला मुख्यमंत्री मिळाली होती, हेही लक्षात ठेवावे. महाराष्ट्राला ६५ वर्षांत ते जमलेले नाही.

पण घराणी पुरुषांचीही आहेत. फरक असा की, पुरुषाला घराण्याखेरीज इतरही दारे असतात : विद्यार्थी संघटना, सहकारी संस्था, कामगार संघटना, ठेकेदारी. महिलेसाठी यांतली बहुतेक दारे बंद किंवा किलकिली असतात. म्हणून महिला आमदारांत घराण्याचा भाग ठळक दिसतो. ती तिची निवड नसून पक्षांनी उघडे ठेवलेले एकमेव दार आहे.

‘महिला निवडून येत नाहीत’ हे खरे आहे का?

पक्षांचे हे आवडते कारण आकड्यांपुढे टिकत नाही. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी सात जागा महिलांना दिल्या. त्यांपैकी पाच जिंकल्या. त्याच पक्षाच्या १४ पुरुषांपैकी सात जिंकले. आस्का मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रमिला बिसोई या बचतगटाच्या चळवळीतून आलेल्या होत्या. २०२४ मध्ये त्या पक्षाची लोकसभेतील पाटी कोरी राहिली, तेव्हा महिला आणि पुरुष दोघेही पडले.

उलट उदाहरण उत्तर प्रदेशचे. २०२२ मध्ये काँग्रेसने तेथे ४० टक्के उमेदवारी महिलांना देण्याची घोषणा केली आणि ती पाळलीही. पक्षाला जागा मिळाल्या दोन. त्यातली एक महिलेची. उमेदवार बाई आहे की पुरुष, यापेक्षा त्या जागेवर पक्षाची ताकद किती, हे निकाल ठरवते. त्यामुळे किती महिलांना तिकीट दिले याबरोबरच कोणत्या जागेवर दिले हेही विचारायला हवे.

आरक्षणाचा कायदा कधी लागू होणार?

पहिले विधेयक १९९६ मध्ये आले. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते मंजूर केले, पण लोकसभेत ते आलेच नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये नारीशक्ती वंदन अधिनियम, म्हणजेच १०६ वी घटनादुरुस्ती, मंजूर झाली. लोकसभेत बाजूने ४५४ आणि विरोधात दोनच मते पडली. विरोध एमआयएमच्या असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे छत्रपती संभाजीनगरचे खासदार इम्तियाज जलील यांचा. ओबीसी आणि मुस्लीम महिलांना वेगळा वाटा हवा, हा त्यांचा मुद्दा होता. ओबीसी महिलांच्या वाट्याची मागणी इतर अनेक पक्षांनीही केली, पण त्यांनी मते बाजूने दिली.

कायद्यात अट अशी की, आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना आणि त्यानंतर आरक्षण. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मागील पुनर्रचनेसाठी आयोग २००२ मध्ये नेमला गेला आणि काम २००८ मध्ये पूर्ण झाले. शिवाय पुनर्रचनेत जागा घटतील, ही दक्षिणेतील राज्यांची भीती आहेच. त्यामुळे २०२९ च्या निवडणुकीत आरक्षण दिसेल, असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आजच्या जागांचा हिशेब केला तर महाराष्ट्रात विधानसभेच्या ९६ आणि लोकसभेच्या १६ जागा महिलांकडे जातील. आरक्षणाची मुदत १५ वर्षे आहे. राज्यसभा आणि विधान परिषदेला ते लागू नाही.

तोपर्यंत पक्ष काय करू शकतात?

बरेच काही, आणि त्यासाठी कोणतीही अधिसूचना लागत नाही. कायद्याच्या बाजूने मतदान केलेल्या प्रत्येक पक्षाला पुढच्याच निवडणुकीत एक तृतीयांश तिकिटे महिलांना देता येतील. विधान परिषद आणि राज्यसभेत तर प्रचाराचा खर्च, ‘निवडून येण्याची क्षमता’ या सबबीही फारशा लागू पडत नाहीत. पक्षाची मते ठरलेली असतात. खुल्या झालेल्या प्रभागात चांगले काम केलेल्या नगरसेविकेला पुन्हा संधी देणे, ही तर अगदी पहिली पायरी.

स्थानिक निवडणुका म्हणूनच पक्षांची परीक्षा असतात. राखीव जागांवर महिला येणारच. त्यात पक्षांचे श्रेय काही नाही. खुल्या जागांवर किती महिलांना उमेदवारी मिळाली, हा आकडा पाहावा. उमेदवारांची यादी जाहीर होईल, तेव्हा आपल्या प्रभागापुरता तरी हा हिशेब कोणत्याही मतदाराला पाच मिनिटांत मांडता येईल. ९६ आमदार महिला असतील, तो दिवस कायदा आणेल तेव्हा आणेल. त्या जागांवर तयार कार्यकर्त्या लढतील की ऐनवेळी शोधलेल्या घरातल्या लेकी-सुना, हे मात्र स्थानिक निवडणुकांच्या याद्यांमध्ये ठरते.