सायकलचे किट घेताना वॅट नव्हे, सेन्सर बघा

जुन्या सायकलला विजेचे किट बसवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, मोटर किती वॅटची? माझ्या मते आरामाशी या प्रश्नाचा फारसा संबंध नाही. नोंदणी आणि परवान्याच्या कचाट्यात पडायचे नसेल, तर नियमानुसार मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. सामान्य माणूस तासभर पॅडल मारून जेमतेम शंभरेक वॅट देतो, म्हणजे एवढी मदत शहरातल्या चढांना पुरते. खरा फरक सेन्सरचा. स्वस्त किटमधला सेन्सर पॅडल फिरते आहे एवढेच ओळखतो. त्यामुळे सिग्नलला निघताना धक्का बसतो आणि गर्दीत पाय थांबला तरी सायकल क्षणभर पुढे रेटली जाते. टॉर्क सेन्सर पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात मदत देतो, म्हणून चालवणे स्वाभाविक वाटते.

तो महाग पडतो, हा आक्षेप रास्त आहे. मग बचत बॅटरीत करावी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी पॅडलच्या साथीने पंचवीसेक किलोमीटर सहज नेते. रोजच्या कामाला तेवढे बास. पॅडल न मारता मोटर चालवणारा थ्रॉटल असताना सेन्सर कशाला, असेही विचारतात. गुडघेदुखी असलेल्यांना थ्रॉटल जरूर हवा, पण नुसत्या त्यावर बॅटरी लवकर संपते. बॅटरी मागच्या कॅरिअरवर नको, फ्रेमच्या त्रिकोणात बसवा. आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच नसेल, तर ते किट घेऊ नका.