साखर-मैद्याचं महागडं पाकीट

ब्राउनीच्या प्रीमिक्सचं पाकीट दुकानात हातात घेतलंत, तर त्यावरचा चकचकीत फोटो बघायच्या आधी ते उलटं करा. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचं बंधन आपल्याकडे आहे, त्यामुळे यादीतलं पहिलं नाव ही एक प्रकारची कबुलीच असते. बहुतेक पाकिटांवर ते साखरेचं असतं, पाठोपाठ मैदा आणि मग कोको. त्याखालच्या कृतीत लोणी किंवा तेल घाला, अंडी किंवा दूध घाला, ओव्हन तापवून घ्या, असं लिहिलेलं असतं. म्हणजे लोणी आणि अंडी आपण आणायची, गॅस किंवा वीज आपली, भांडी घासणंही आपल्याकडेच. पाकिटातून आपण विकत आणतो ती मुख्यतः घरच्या डब्यात आधीच असलेली साखर आणि मैदा. घरच्या ब्राउनीची चव सरस की पाकिटाची, या वादात मला शिरायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तयार पीठ ज्या कामासाठी असतं ते काम ब्राउनीत मुळी नसतंच.

तयार पिठांना सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पुण्यात १९६३ साली गिट्स सुरू झालं, तेव्हापासून गुलाबजाम, ढोकळा, इडली यांची पाकिटं आपल्या घरांत रुळली, आणि ती रुळायला कारण होतं. गुलाबजामाला चांगला खवा मिळायला हवा, तो नीट मळायला हवा, नाहीतर गोळा तुपात सोडल्याबरोबर फुटतो. इडलीला भिजवणं, वाटणं, आंबवणं यांत दिवस जातो. चकलीची भाजणी करायची तर प्रत्येक धान्य वेगळं भाजून गिरणीत न्यावं लागतं. या पाकिटांत कुणाचे तरी कष्ट आणि कसब भरलेलं असतं, आणि त्याचे पैसे मोजायला हरकत नाही. ब्राउनीत असं काय आहे? यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही, थर लावणं नाही. बेकिंग पावडरसुद्धा घातलीच पाहिजे असं नाही. स्पंज केक मध्यभागी बसला तर करणाऱ्याचं तोंड उतरतं. ब्राउनी मुळातच बसकी असते.

मापंच बघू. आठ इंची चौकोनी डब्याला ११५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, २ अंडी, ६० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला. कोरडा माल सगळा मिळून ३०५ ग्रॅम. पाकीट आपल्याला वाचवतं ते एवढं वजन करण्याचे पाच मिनिटांचे श्रम. लोणी पातळ करून त्यात गरम असतानाच कोको कालवायचा, म्हणजे त्याचा वास खुलतो. अंडी आणि साखर मात्र रंग फिकट होईपर्यंत जोरात फेटायची. इथे साखर अंड्यातल्या पाण्यात विरघळते, आणि भाजताना वरचा थर वाळून कागदासारखी पातळ, चकाकणारी पापडी धरते. मैदा शेवटी, आणि तो जेमतेम मिसळेल इतकंच हलवायचं. १७५ अंशांवर साधारण २५ मिनिटं. टूथपिक खुपसून बाहेर काढली की तिला ओलसर कण चिकटलेले दिसले पाहिजेत. ती कोरडी आली, तर समजा ब्राउनीचा केक झाला.

पाकिटाची ब्राउनी हमखास जमते, घरची फसते, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच खोटा नाही. पण ब्राउनी फसते ती बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे ती जास्त वेळ भाजली जाते, आणि त्यापासून कुठलंही पाकीट वाचवत नाही. दुसरं कारण मापाचं. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो, आणि एवढ्या फरकाने फजी ब्राउनीची कोरडी वडी होते. गंमत अशी, की ब्राउनीचा छापील इतिहास मापाच्या शिस्तीशीच जोडलेला आहे. फॅनी फार्मर या अमेरिकन शिक्षिकेच्या १८९६ सालच्या ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’मध्ये ब्राउनी आहे, पण काकवीची, चॉकलेटविना, चॉकलेटची कृती १९०६ च्या आवृत्तीत आली. आणि याच बाईंनी कप-चमचे काठोकाठ सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याची नेमकी मापं देऊन नवख्या हातांना असाच धीर दिला. तेव्हा नेमकेपणाच हवा असेल, तर एक स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. तो पुढे करंज्यांनाही उपयोगी पडतो.

पैसे जिथे घालायचे ती जागा वेगळीच आहे, ती म्हणजे कोको आणि चॉकलेट. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्याच्या दोन वर्षं आधी तो अडीच हजारांच्या आसपास होता. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो, त्यामुळे तिथलं पीक बिघडलं की सगळीकडे भाव चढतात. अशा वेळी मिश्रणात कोको किती ठेवायचा हे पाकीटवाला ठरवतो, आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं नसलं तर आपल्याला पत्ता लागत नाही. घरी मात्र तो निर्णय आपला. चॉकलेटची लादी घेतानाही तेच. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेला वितळतं. कंपाउंड नावाने मिळणाऱ्या स्वस्त लादीत त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, ती टाळूला मेणासारखी चिकटून राहते.

अंडं न चालणाऱ्या घरांच्या बाबतीत मात्र मला माघार घ्यावी लागते. दह्याने किंवा भिजवलेल्या जवसाच्या पुडीने मिश्रण बांधलं जातं, चवही चांगली येते, पण ती चकाकणारी पापडी सहजी जमत नाही. बिनअंड्याच्या पाकिटात स्टार्च वगैरे घालून हा प्रश्न थोडाफार सोडवलेला असेल, तर ते पाकीट निदान काहीतरी काम करतं. घरची म्हणून ब्राउनी पौष्टिक होत नाही, हेही मान्य. २०० ग्रॅम साखरेच्या ब्राउनीचे सोळा तुकडे केले तर प्रत्येकात साडेबारा ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम आहे. साखर निम्मी करून बघू म्हणाल, तर ओलावा आणि पापडी दोन्ही जातात. त्यापेक्षा तुकडा लहान कापावा. साखरेची वाटी स्वतःच्या हाताने ओतली, की सुरी आपोआप जवळजवळ चालते.

दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही महाराष्ट्रातल्या अनेक गावांतली जुनी रीत. कुठे पीठ घरून मळून न्यायचे, कुठे बेकरीतच मळून घ्यायचे. तूप कुठलं आणि किती, हे घरचं माणूस सांगायचं. घरी नव्हती ती फक्त भट्टी, म्हणून तेवढ्या भाजणावळीचे पैसे बेकरीवाल्याला दिले जायचे. आता ओव्हन ओट्यावर आला आहे, आणि साखर-मैदा आपण बाहेरून कालवून आणतो.