मुलांच्या चालीने

५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख आणि १२ नोव्हेंबर ही डॉ. सालिम अली यांची. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि पक्ष्यांची मराठी नावे कोशात जतन करून ठेवणाऱ्या या माणसाला रानाची पहिली ओळख घरच्यांनीच करून दिली. आईकडून आणि मामांकडून मिळालेल्या त्या धड्यांचे ऋण त्यांनी मनापासून मानले. पुढे कर्नाळा, नागझिरा, नवेगावबांध, मेळघाट अशी मोठी जंगले त्यांच्या वाट्याला आली, पण सुरुवात सोलापुरात, आईचे बोट धरून झाली होती.

सालिम अलींची गोष्ट तर पक्षीप्रेमींना पाठच असते. आईवडिलांविना मामांच्या घरी वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. शिकारीचा षोक असलेल्या मामांनाही ती ओळखता येईना, तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक त्याच्यापुढे मांडले. या गोष्टीतली चिमणी सगळ्यांच्या लक्षात राहते. आम्हाला मात्र मिलार्ड अधिक महत्त्वाचे वाटतात. हातातले काम बाजूला सारून एका पोराच्या प्रश्नाला वेळ देणारा मोठा माणूस त्या दिवशी तिथे नसता, तर ती बंदूक पुढेही बंदूकच राहिली असती.

सप्ताहात व्याख्याने होतील, चित्रकला स्पर्धा होतील, पाणवठ्यांवर पक्षीनिरीक्षणाच्या सहली निघतील. हे सगळे हवेच. पण तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी त्यात फारसे काही नसते, आणि ओढ लागण्याचे वय तर नेमके तेच. या वयाच्या मुलांना निसर्गात न्यायचे कसे, याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो.

चार वर्षांच्या मुलाला घेऊन टेकडी चढायला निघालेल्या आईबाबांचे काय होते, ते पाहा. पायथ्याशीच मूल खाली बसते. मंदिराच्या ओट्याखाली किंवा झाडाच्या आडोशाला, जिथे पावसाची माती सुकून पिठासारखी झालेली असते, तिथे त्याला बोटाच्या पेराएवढे खड्डे दिसतात. नरसाळ्यासारखे, अगदी रेखीव. एखादी मुंगी काठावरून घसरते, वर चढू पाहते, आणि तळाशी दडलेली अळी डोक्याने मातीचे कण उडवून तिला पुन्हा खाली पाडते. क्षणभर दोन बारीक जबडे दिसतात आणि मुंगी नाहीशी होते. हीच अळी पुढे कोश करून चतुरासारख्या पंखांचा नाजूक कीटक होऊन बाहेर पडते. शिकार, सापळा, भूक, कायापालट हे सगळे त्या वीतभर जागेत असते. मूल श्वास रोखून पाहत असते, आणि वरून आवाज येतो, "चल चल, अजून खूप चढायचंय, वरून किती छान दिसतं!"

वरून दिसणारा देखावा मोठ्यांना लागतो. दूरवरच्या डोंगररांगा चार वर्षांच्या मुलाला काही सांगत नाहीत. त्याचे जग गुडघ्याच्या उंचीवर असते. म्हणून लहान मुलांसोबतच्या फिरण्याची पहिली अट एकच: कुठेही पोहोचायचे नाही असे ठरवूनच निघावे. तासाभरात शंभर पावले झाली तरी तो तास सार्थकी लागतो. हे वाटते तितके सोपे नाही. शनिवार-रविवारची सुट्टी, गाडीचे पेट्रोल, परतीच्या वाटेवरची कोंडी हे सगळे डोक्यात असताना मुंगळ्यांच्या रांगेपाशी अर्धा तास उकिडवे बसायला मन घट्ट करावे लागते.

याच कारणाने फार लहान मुलांना वाघ दाखवायला नेण्याचा सोस आम्हाला पटत नाही. पहाटे चारला उठवायचे, उघड्या जिप्सीत थंडीत तीन-चार तास बसवायचे, "आवाज करू नकोस, उतरू नकोस, हात बाहेर काढू नकोस" म्हणायचे, आणि वाघ दिसला नाही तर आईबाबांचे पडलेले चेहरेही त्यालाच पाहायला लावायचे. जंगल म्हणजे जिथे काहीच करायचे नसते अशी जागा, एवढेच त्यातून त्याच्या मनात बसते. वाघ दहाव्या वर्षीही भेटेल. चौथ्या वर्षी चिखल भेटायला हवा.

आणि घराजवळ पाहण्यासारखे काही नाही, हे तर मुळीच खरे नाही. सध्या शाळांच्या मैदानांवर, गृहसंकुलांच्या वाहनतळांवर, नदीकाठच्या ओल्या जागांवर धोबी आले आहेत. शेपटी सतत वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा हा करड्या-पांढऱ्या रंगाचा पक्षी हिमालयातून आणि त्याही पलीकडून हिवाळ्यापुरता उतरतो. दुर्बीण लागत नाही, पुस्तक लागत नाही, दोन वर्षांचे मूलही त्याला शेपटीवरून ओळखू लागते. वड-पिंपळावर तांबट असतो. त्याची टुकटुक ऐकू येते, पण तो दिसायला वेळ लागतो, आणि तो शोध हाच खेळ होतो. एकच झाड ठरवून दर आठवड्याला त्याच्याकडे जाणाऱ्या मुलांना पानगळ, पालवी, मोहोर, फळे हे वेगळे शिकवावे लागत नाही. रोज नवे ठिकाण शोधण्यापेक्षा जुन्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणे या वयाला मानवते. तीच गोष्ट शंभर वेळा सांग म्हणणारी ही मुले आहेत.

भीतीचे काय, हा प्रश्न रास्त आहे. साप, काटे, गांधीलमाश्या, पाणी. बेफिकिरी कुणीच सुचवत नाही. अंगभर कपडे, बंद बूट, दगडाखाली हात न घालण्याची सवय आणि नजरेच्या टप्प्यात एक मोठे माणूस एवढे हवेच. काही झाडे मोठ्यांना ठाऊक असलीच पाहिजेत. पिवळ्या फुलांची बिट्टी आपल्या कित्येक पिढ्या खेळल्या, पण ते झाड विषारी आहे. गुंजेची लालकाळी बी दिसायला मोहक, पण चावून पोटात गेली तर घातक. रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. एवढे माहीत असले की बाकीच्या वेळी "हात लावू नकोस" म्हणण्याची पाळी पुष्कळ कमी येते. ओरखडा उठेल, गुडघा फुटेल, कपडे मळतील. ते होऊ द्यावे.

वैद्यकशास्त्रही आता या बाजूने बोलते. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास वर्गाबाहेर घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसण्याचा दृष्टिदोष निर्माण झाला होता. इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. उघड्यावरचा भरपूर उजेड वाढत्या डोळ्यांना लागतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही, तरी मुले ट्यूबलाइटखाली वाढत आहेत.

हे ज्ञान परदेशातून आणण्याचीही खरे तर गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या बायका शाळाच कुरणात घेऊन गेल्या. गुरे चरत राहिली, आणि खडे, पाने, बिया, शिंपले हे शिकण्याचे साहित्य झाले. कुरणशाळा हे नाव शिक्षणाच्या इतिहासात आपण आदराने घेतो आणि आपल्या बालवाड्या मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या, रंगीत भिंतींच्या खोल्यांत भरवतो. भिंतीवर झाड रंगवलेले असते. अंगणवाडी ज्या अंगणावरून निघाली, ते अंगणच कित्येक अंगणवाड्यांना उरलेले नाही. भाड्याच्या खोलीत वीस-पंचवीस मुले सांभाळणाऱ्या सेविकेला त्याचा दोष देता येणार नाही. तिला जवळचे मैदान, मदतीला एक माणूस आणि मुलांना बाहेर नेण्याची मुभा ही व्यवस्थेने द्यायची आहे.

शहरातल्या बागांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. मोकळी माती दिसेनाशी होईपर्यंत फरशा बसवायच्या, हिरवळीभोवती साखळी लावायची, खेळण्यांखाली रबराच्या लाद्या टाकायच्या आणि दुपारभर फाटकाला कुलूप लावायचे, ही बागेची कल्पना लहान मुलांच्या कामाची नाही. माहीम-धारावीजवळ मिठी नदीच्या काठी एके काळी कचराभूमी होती. तिथेच झाडे लावून ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. कचऱ्यावर वन वाढू शकते, तर प्रत्येक महापालिका उद्यानात चार गुंठे जागा न छाटलेल्या गवताला, पडलेल्या ओंडक्याला आणि मातीच्या ढिगाला देणे अवघड नाही. त्यासाठी निविदा काढावी लागणार नाही. काही गोष्टी करायच्या थांबवल्या की पुरे. नगरसेवकांनी, उद्यान अधीक्षकांनी या सप्ताहात भाषणांऐवजी एवढे एक काम हाती घ्यावे, अशी आमची मागणी आहे.

आईबाबांकडे मागणे त्याहून लहान आहे. पक्षी सप्ताह १२ तारखेला संपेल, पण धोबी मार्चपर्यंत इथेच असतात. हा आठवडा कामात गेला तर पुढचा आहे, डिसेंबरची उन्हे आहेत, जानेवारीतल्या सुट्ट्या आहेत. मोबाइल खिशात ठेवून, घराबाहेर पडून, मूल जिथे थांबेल तिथे थांबावे.